गॅस भरण्यापूर्वी गळती शोधा : प्रशीतक वायूंविषयीचे नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार

वातानुकूलन यंत्र थंड हवा देईनासे झाले की मेकॅनिकला बोलावले जाते. 'गॅस संपला आहे', असे सांगून तो नवा गॅस भरतो आणि पैसे घेऊन निघून जातो. देशभरातील घरांत, दुकानांत व कार्यालयांत दर उन्हाळ्यात घडणारा हा व्यवहार वरवर निरुपद्रवी वाटतो. वस्तुतः यंत्रातील प्रशीतक, म्हणजेच बोलीभाषेतील 'गॅस', हा पेट्रोलसारखा जळून संपणारा पदार्थ नाही. बंद नळ्यांच्या चक्रात तो द्रवरूपातून वायुरूपात आणि पुन्हा द्रवरूपात जात सतत फिरत राहतो. नळ्या व सांधे निर्दोष असतील, तर अनेक वर्षे तो पुन्हा भरण्याची गरज पडत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि तेवढा वायू वातावरणात मिसळला आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

या गळतीचा हिशेब आता केवळ ग्राहकाच्या खिशापुरता उरलेला नाही. ओझोन थराचे संरक्षण आणि हवामानबदल या दोन्ही बाबतींतील आंतरराष्ट्रीय बांधिलकीमुळे प्रशीतकांचे उत्पादन, आयात, विक्री व वापर यांवर भारतात कायदेशीर बंधने आहेत आणि आगामी काळात ती अधिक कडक होणार आहेत. शीतगृहांचे चालक, रुग्णालये, हॉटेले, मोठ्या इमारतींची व्यवस्थापने तसेच दुरुस्तीवर उदरनिर्वाह करणारे छोटे कारागीर या सर्वांशी हा विषय निगडित आहे.

ओझोनपासून तापमानवाढीपर्यंत

सुरुवातीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू वापरले जात. १९३०च्या दशकात क्लोरोफ्लुरोकार्बन अर्थात सीएफसी वायू बाजारात आले. ते विषारी नव्हते, पेट घेत नव्हते आणि रासायनिकदृष्ट्या अत्यंत स्थिर होते. हीच स्थिरता पुढे घातक ठरली. हे वायू खालच्या वातावरणात नष्ट न होता थेट स्थितांबरापर्यंत पोहोचतात, तेथील अतिनील किरणांनी त्यांचे विघटन होते आणि मोकळा झालेला क्लोरीनचा प्रत्येक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करतो, असे मारिओ मोलिना व शेरवूड रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना पॉल क्रुट्झेन यांच्यासमवेत १९९५चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान, अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर दर वसंत ऋतूत विलक्षण विरळ होत असल्याचे १९८५ मध्ये उघड झाले आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे त्यासंबंधीचा करार संमत झाला. हा दिवस जगभर ओझोन दिन म्हणून पाळला जातो.

भारत १९९२ मध्ये या करारात सहभागी झाला. सीएफसीचे उत्पादन भारताने ठरलेल्या मुदतीच्या १७ महिने आधी, १ ऑगस्ट २००८ पासून थांबवले. दम्याच्या रुग्णांच्या श्वसनपंपासाठी लागणाऱ्या मर्यादित वापराचा काय तो अपवाद ठेवण्यात आला होता.

सीएफसीची जागा प्रथम एचसीएफसी वायूंनी घेतली. खिडकीत बसवल्या जाणाऱ्या जुन्या यंत्रांत सर्रास आढळणारा आर-२२ हा त्यांपैकीच एक. त्याची ओझोननाशक क्षमता सीएफसीच्या मानाने बरीच कमी, ०.०५५ इतकी आहे. पण ती शून्य नाही. त्यानंतर आलेल्या एचएफसी वायूंत क्लोरीनच नसल्याने ओझोनला त्यांचा धोका नाही. मात्र उष्णता धरून ठेवण्याच्या बाबतीत ते कार्बन डायऑक्साइडला कितीतरी मागे टाकतात. शंभर वर्षांच्या कालावधीत एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत आर-२२ची तापमानवाढीची क्षमता १८१० पट, मोटारीत व फ्रिजमध्ये वापरल्या जाणाऱ्या आर-१३४एची १४३० पट, आर-४१०एची २०८८ पट, तर व्यापारी शीतकपाटांतील आर-४०४एची ३९२२ पट मानली जाते.

हे आकडे नुसते वाचून त्यांचे गांभीर्य ध्यानात येत नाही. देशात एक युनिट विजेमागे साधारणपणे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरले, तर एक किलो आर-२२ हवेत सोडणे म्हणजे सुमारे अडीच हजार युनिट वीज जाळण्याइतके प्रदूषण करणे होय. विजेची बचत करणारे पाच तारांकित यंत्र विकत घ्यायचे आणि दर वर्षी त्यात गळतीची भरपाई करत राहायचे, यात तो सारा लाभ वाहून जातो.

म्हणूनच १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडाची राजधानी किगाली येथे माँट्रियल करारात दुरुस्ती करण्यात आली आणि एचएफसी वायूही त्याच्या कक्षेत आणले गेले. या दुरुस्तीची पूर्ण अंमलबजावणी झाल्यास शतकाअखेरपर्यंत अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

कायदा काय सांगतो

भारतात या क्षेत्राचा मुख्य आधार म्हणजे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आणि त्याअंतर्गत करण्यात आलेले ओझोननाशक पदार्थ (विनियमन व नियंत्रण) नियम, २०००. अंमलबजावणीचे काम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयातील ओझोन कक्ष पाहतो. या पदार्थांचे उत्पादक, आयातदार, निर्यातदार, विक्रेते व औद्योगिक वापरकर्ते यांच्यासाठी नोंदणी, परवाने, खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि नियतकालिक अहवाल यांची चौकट या नियमांनी घालून दिली. वापरलेल्या वायूचे शुद्धीकरण किंवा नाश करणाऱ्यांनाही त्यांनी आपल्या कक्षेत घेतले. २०१४ मध्ये नियमांत दुरुस्ती करून एचसीएफसीच्या निर्मूलनाचा कालक्रम त्यात समाविष्ट करण्यात आला.

त्यानुसार फोम उद्योगातील एचसीएफसी-१४१बी हा वायू १ जानेवारी २०२० पासून बाद झाला. नव्या उपकरणांच्या निर्मितीत कोणताही एचसीएफसी वापरण्यास १ जानेवारी २०२५ पासून मनाई आहे. याच तारखेपासून देशाचा एकूण वापर आधारपातळीच्या ६७.५ टक्क्यांनी खाली आणणे करारानुसार बंधनकारक झाले. २०३० मध्ये हा वापर जवळजवळ शून्यावर येईल. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी २०४० पर्यंत वार्षिक सरासरी अवघा अडीच टक्के वायू उपलब्ध राहील.

एचएफसीसाठी भारताला मिळालेली मुदत अधिक लांबची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मंजुरी दिली. २०२४, २०२५ व २०२६ या तीन वर्षांतील एचएफसीचा सरासरी वापर आणि एचसीएफसीच्या आधारपातळीचा ६५ टक्के भाग यांच्या बेरजेवरून भारताची मर्यादा निश्चित होते. २०२८ पासून वापर त्या मर्यादेत गोठवायचा आहे. पुढे २०३२ मध्ये १०, २०३७ मध्ये २०, २०४२ मध्ये ३० आणि २०४७ मध्ये ८५ टक्के कपात करावयाची आहे. शेवटची उडी किती मोठी आहे हे लक्षात घेतले, तर सुरुवातीच्या वर्षांतील सवलतीवर विसंबून राहणे परवडणारे नाही.

आयातीच्या मार्गानेही एक महत्त्वाचे बंधन आले आहे. प्रशीतक भरलेल्या वातानुकूलन यंत्रांच्या आयातीवर परकीय व्यापार महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये बंदी घातली. सिलिंडरांची सुरक्षितता हा स्वतंत्र विषय असून तो गॅस सिलिंडर नियम, २०१६ अन्वये हाताळला जातो. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजेच पेसोचे, मुख्यालय नागपूर येथे आहे.

शिक्षेच्या तरतुदीतही बदल झाला आहे. पर्यावरण अधिनियमाच्या उल्लंघनासाठी पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी तरतूद होती. जनविश्वास (तरतुदींची दुरुस्ती) अधिनियम, २०२३ अन्वये तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतची शास्ती आली. तुरुंगाची भीती गेली असली, तरी छोट्या व्यावसायिकासाठी ही रक्कम थोडीथोडकी नाही.

नियमांचा हात कुठवर पोहोचतो

येथे एक मूलभूत अडचण आहे. या नियमांचा सारा भर वायू कारखान्यातून किंवा बंदरातून बाजारात येतो त्या टप्प्यावर आहे. किती टन बनवला, किती आणला, कोणाला विकला याचा हिशेब कागदावर नीट राहतो. गळती होते ती मात्र गच्चीवर ठेवलेल्या यंत्राच्या सांध्यातून किंवा मेकॅनिकने सैल केलेल्या झडपेतून. तेथवर नियमांचा हात क्वचितच पोहोचतो.

अमेरिकेने हा टप्पा कायद्याच्या कक्षेत फार पूर्वी आणला. स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८ नुसार ओझोननाशक प्रशीतक जाणूनबुजून हवेत सोडण्यास तेथे १ जुलै १९९२ पासून मनाई आहे आणि प्रमाणपत्राशिवाय कारागिराला अशा यंत्राचे चक्र उघडता येत नाही. पन्नास पौंड, म्हणजे सुमारे २३ किलो किंवा त्याहून अधिक ओझोननाशक प्रशीतक असलेल्या यंत्रणांसाठी गळतीची वार्षिक मर्यादा ठरवून दिलेली आहे. इमारतींच्या वातानुकूलनासाठी ती १० टक्के, व्यापारी शीतकरणासाठी २० टक्के, तर औद्योगिक प्रक्रियांसाठी ३० टक्के आहे. मर्यादा ओलांडली की सर्वसाधारणपणे ३० दिवसांच्या आत दुरुस्ती करावी लागते. युरोपीय संघाची पद्धत निराळी आहे. तेथे वायूचे वजन त्याच्या तापमानवाढीच्या क्षमतेने गुणून यंत्रणेचे वर्गीकरण होते. पाच टन कार्बन डायऑक्साइडइतका भार असेल तर सामान्यतः वर्षातून एकदा, पन्नास टनांच्या पुढे दर सहा महिन्यांनी आणि पाचशे टनांच्या पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी सक्तीची असते. २०१४चा हा कायदा २०२४ मध्ये आणखी कडक करण्यात आला.

या दोन्हींपैकी कोणतीही पद्धत भारतातील शीतगृहचालकाला किंवा इमारतीच्या व्यवस्थापकाला स्वेच्छेने अवलंबता येईल. गणित सोपे आहे. समजा, एखाद्या यंत्रणेत एकूण ४० किलो वायू मावतो आणि मागच्या भरणानंतर ९० दिवसांनी तिच्यात ३ किलो भरावा लागला. तीनला चाळीसने भागून येणारे साडेसात टक्के हे फक्त ९० दिवसांचे झाले. त्यांचे ३६५ दिवसांत रूपांतर केल्यास वार्षिक गळती ३० टक्क्यांहून थोडी अधिक निघते. अमेरिकी निकषानुसार व्यापारी शीतकरणाच्या मर्यादेपेक्षा ती दीडपट आहे. भरण्याची तारीख आणि वजन एवढ्या दोनच बाबी वहीत लिहिल्या असत्या, तर हे पहिल्याच वेळी दिसले असते. नेमक्या त्याच बहुतेक ठिकाणी लिहिलेल्या नसतात. देयकावर 'गॅस चार्जिंग' एवढाच मोघम उल्लेख असतो, किती ग्रॅम ते कोणी विचारत नाही.

दोष एकट्या मेकॅनिकवर ढकलणे अन्यायाचे होईल. गळती शोधण्यासाठी दीड-दोन तास लागतात आणि ग्राहकाला पंधरा मिनिटांत थंड हवा हवी असते. वायू परत काढून घेणारे यंत्र, वजनकाटा, निर्वात पंप व स्वतंत्र सिलिंडर यांवर होणारा खर्च हंगामी कमाईतून भागवणे कठीण जाते. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भारतीय शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख कारागिरांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे आणि २०३७-३८ पर्यंत प्रशीतकांची मागणी २५ ते ३० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. प्रशिक्षण उपयुक्त आहेच, परंतु प्रशिक्षित कारागिराच्या जादा वेळेचे पैसे ग्राहक देणार नसेल, तर तो जुन्याच वाटेने जाईल.

दुरुस्तीची योग्य रीत

प्रशीतक कमी झाल्याची लक्षणे साधी असतात. यंत्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालते, आतील गुंडाळीच्या एका भागावर बर्फ धरतो, सांध्याजवळ तेलाचे डाग दिसतात. वायूसोबत कॉम्प्रेसरचे तेलही झिरपत असल्याने तेलकट डाग हा गळतीच्या जागेचा सर्वांत विश्वासू साक्षीदार मानला जातो. तांब्याच्या नळीचे टोक पसरवून केलेले सांधे, झाळकामाचे जोड, भरणाच्या झडपेची पिन आणि सततच्या थरथरीने घासल्या जाणाऱ्या नळ्या ही गळतीची नेहमीची ठिकाणे होत. मोटारींत रबरी नळ्या आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याजवळील सील यांची भर पडते.

शोध घेण्याची सर्वांत स्वस्त साधने म्हणजे कोरडा नायट्रोजन आणि साबणाचे पाणी. यंत्रातील शिल्लक वायू काढून घेतल्यानंतर चक्रात नायट्रोजन ठरावीक दाबाने भरतात आणि दाब किती काळ टिकतो ते पाहतात. सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. या कामी ऑक्सिजन कदापि वापरू नये. दाबाखालील ऑक्सिजन आणि तेल एकत्र आल्यास स्फोट होतो. सूक्ष्म गळतीसाठी इलेक्ट्रॉनिक शोधक उपयोगी पडतो. जुन्या कारागिरांकडील ज्योतीचा दिवा क्लोरीनयुक्त वायू जवळ येताच हिरवा होत असे. एचएफसीमध्ये क्लोरीन नसल्याने तो आता निरुपयोगी ठरला आहे, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही.

गळती बंद झाल्यावर निर्वात पंपाने चक्रातील हवा व बाष्प काढून टाकावे लागते. चांगल्या कामात ही पातळी ५०० मायक्रॉनच्या खाली नेली जाते. काही जण पंप न लावता थोडा प्रशीतकच आत सोडून हवा बाहेर ढकलतात. त्यात वायू वाया जातो, बाष्प आत राहते आणि पुढे आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसर जळतो. शेवटी भरण वजनावरच करावे, नुसत्या दाबमापकाच्या अंदाजावर नव्हे. आर-४०४एसारख्या मिश्र वायूंत घटकांचे प्रमाण गळतीमुळे बदलू शकते. म्हणून मोठ्या गळतीनंतर उरलेला वायू काढून संपूर्ण नवे भरण, तेही द्रवरूपात, करणे श्रेयस्कर असते.

काढून घेतलेल्या वायूचे महत्त्व यापुढे वाढत जाणार आहे. पुनर्वापरात आणलेला वायू माँट्रियल करारात नवे उत्पादन म्हणून मोजला जात नाही. म्हणजे २०३० नंतर आर-२२ दुर्मीळ होईल तेव्हा आज सिलिंडरमध्ये साठवलेला प्रत्येक किलो कोट्याबाहेरचा पुरवठा ठरेल. २०२४ मध्ये विकत घेतलेले आर-२२चे यंत्र तेव्हाही वापरात असू शकेल. गाळून, कोरडा करून तोच वायू त्याच मालकाच्या यंत्रात वापरणे तुलनेने सोपे आहे. दुसऱ्याला विकायचा असेल, तर प्रयोगशाळेत शुद्धता तपासून एएचआरआय-७०० सारख्या मानकापर्यंत न्यावा लागतो. दोन वेगळे वायू एका सिलिंडरमध्ये मिसळले, तर दोन्ही निकामी होतात. सिलिंडर क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा अधिक भरणेही धोक्याचे असते, कारण उष्णतेने द्रव प्रसरण पावतो.

स्वस्त वायूचा मोह

पुरवठा आटला की भेसळ वाढते, हा जगभरचा अनुभव आहे. २०११ मध्ये व्हिएतनाम व ब्राझीलमध्ये शीत कंटेनरांचे स्फोट होऊन कामगारांचा मृत्यू झाला. आर-१३४ए म्हणून भरलेल्या वायूत मिथिल क्लोराइडची भेसळ होती आणि त्याची कंटेनरच्या यंत्रणेतील ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हवा लागताच पेट घेणारी संयुगे तयार झाली होती. नाशिकची द्राक्षे किंवा कोकणातील आंबा परदेशी पाठवणाऱ्यांचा माल अशाच कंटेनरांतून जातो. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणारा, लेबल संशयास्पद असलेला सिलिंडर नाकारणे हे म्हणूनच केवळ कायद्याचे पालन नाही.

कमी तापमानवाढीचे पर्यायी वायू उपलब्ध आहेत, पण ते त्यांच्या शिस्तीसह स्वीकारावे लागतात. आर-३२ची क्षमता ६७५ पट असून तो मंद ज्वलनशील आहे. आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, याची क्षमता जवळजवळ नगण्य आहे. गोदरेज कंपनीने २०१२ पासून भारतात या वायूवरील घरगुती यंत्रे विकली आहेत. परंतु प्रोपेनसाठीच रचलेल्या यंत्रात तो वापरणे वेगळे आणि आर-२२च्या जुन्या यंत्रात तो भरणे वेगळे. दुसरा प्रकार आग लावण्याला निमंत्रण होय. मोठ्या शीतगृहांत व दुग्धशाळांत वापरला जाणारा अमोनिया ओझोनला वा हवामानाला घातक नाही, मात्र तो विषारी आहे. त्याची गळती उग्र वासामुळे तत्काळ कळते. फ्लोरीनयुक्त वायूंना मात्र सहज जाणवेल असा वास नसल्याने ते महिनोन्‌महिने गुपचूप निघून जातात.

भंगारातील वायू

यंत्राचे आयुष्य संपते तेव्हा उरलेला सर्व वायू एकाच क्षणी सुटण्याची शक्यता असते. भंगार व्यावसायिकाला तांबे हवे असते. नळी कापली की काही सेकंदांत काम संपते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये फ्रिज व वातानुकूलन यंत्रांचा समावेश असून उत्पादकांवर त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकण्यात आली आहे. २०२३ मधील दुरुस्तीने प्रशीतकाच्या सुरक्षित व्यवस्थापनाचा विषयही या नियमांत आणला. त्यामुळे जुने यंत्र बदलताना ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे जाईल का, हे विक्रेत्याला विचारणे आवश्यक आहे.

घर बदलताना स्प्लिट यंत्र हलवायचे असेल, तर आणखी एक बाब पाहता येते. कॉम्प्रेसर चालू ठेवून द्रवाच्या बाजूची झडप बंद केली की आतील वायू बाहेरील युनिटमध्ये गोळा होतो. मग दुसरी झडप बंद करून यंत्र थांबवतात. यासाठी काही मिनिटे पुरतात आणि कोणतेही जादा यंत्र लागत नाही. नळ्या सोडवण्यापूर्वी मेकॅनिकने हे केले, तर नव्या जागी बहुधा पूर्ण भरण विकत घ्यावे लागत नाही. यंत्राच्या पट्टीवर वायूचे नाव आणि ग्रॅममधील वजन छापलेले असते. पुढच्या देयकावरील आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.